जुन्या खेळांचे पुनर्वाचन

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमचा विषय आलेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांच्यासाठी आरंभीच एक आधार सांगून ठेवतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या शब्दाची जी व्याख्या आज आहे, तिच्यात संगणकाच्या प्रोग्रामचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या पंगतीत कादंबरी, कवितासंग्रह आणि खेळाचा प्रोग्राम शेजारी शेजारी बसले आहेत. ही पंगत सर्वांना रुचेलच असे नाही. पण तिच्यातून एक प्रश्न निघतो आणि तो साहित्याच्या वाचकांनी विचारण्यासारखा आहे. साहित्यकृती तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा वाचता येते. मग तितक्याच जुन्या खेळाचे पुनर्वाचन करता येते काय?

‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही हरिभाऊंची कादंबरी आज हाती घेतली, तर ती वाचायला लागते काय? प्रत, पुरेसा उजेड आणि अक्षरओळख. खेळाचे तसे नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे प्रोग्राम, जो खेळाची संहिता होय. दुसरी म्हणजे तो प्रोग्राम ज्याच्यासाठी लिहिला गेला ते यंत्र. आणि तिसरी म्हणजे तो खेळ कसा खेळतात हे ठाऊक असलेला हात. या तिघांतले एक जरी नाहीसे झाले, तरी उरलेली दोन मुकी होतात.

आपल्यासारख्या घरांना ही अवस्था अनोळखी नसावी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कित्येक मराठी घरांत मोडी कागदांचे रुमाल निघतात. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते, मजकूर आपल्याच पूर्वजांचा असतो. पण वाचणारा नसतो. घरात असूनही तो कागद आपला होत नाही. जुन्या खेळांची फ्लॉपी आज ज्याच्या हाती लागते, त्याची स्थिती याहून फार वेगळी नसते.

या तीन गोष्टींचे नाते समजून घेण्यासाठी एकच खेळ डोळ्यांपुढे ठेवू. ज्यांचे शालेय किंवा महाविद्यालयीन वय १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव सांगावे लागणार नाही. गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले होते, त्यांत बूट काढून आत जावे लागे, आणि तासाच्या शेवटची काही मिनिटे शिक्षकांच्या कृपेने मोकळी मिळाली की काळ्या पडद्यावर तळघरातला तो पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र धावू लागे. साठ मिनिटांची मुदत, बारा मजले, जमिनीतून उसळणारे सुळे, कोसळणाऱ्या फरश्या आणि शेवटी जाफर नावाच्या वजिराशी तलवारबाजी. खेळाची ओळख इतकी पुरे.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने लिहिला. विद्यार्थी असतानाच त्याचा ‘कराटेका’ हा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. येल विद्यापीठातून १९८५ मध्ये बाहेर पडल्यावर त्याने नव्या खेळाची तयारी सुरू केली. संगणकावरची माणसे तेव्हा बाहुल्यांसारखी ताठ हलत. मेकनरला खरा माणूस धावताना हवा होता. त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत धावायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले. मग टेलिव्हिजनवर ती फीत चित्रागणिक थांबवून तिची छायाचित्रे घेतली, त्यांतली आकृती रंगवून ठळक केली आणि एकेक करून संगणकात उतरवली. ही रीत त्याने शोधली नव्हती. मॅक्स फ्लायशर याने ती १९१० च्या दशकात व्यंगचित्रपटांसाठी काढली होती. तलवारबाजीसाठी भाऊ पुरेसा नव्हता, तेव्हा मेकनरने १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातले एरल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचे द्वंद्व घेतले आणि त्यातल्या काही सेकंदांवरून राजपुत्राचे पवित्रे बसवले. संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिले. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ होते. म्हणजे ज्या खेळाला आपण परदेशी कंपनीचा माल समजत होतो, तो प्रत्यक्षात एका घरात, भावाच्या पायांवर आणि वडिलांच्या पियानोवर उभा राहिला होता.

खेळ १९८९ मध्ये ब्रोडरबंड या प्रकाशनसंस्थेने ॲपल टू या संगणकासाठी काढला, आणि तिथेच गाडी अडली. ॲपल टूचे दिवस तेव्हा भरत आले होते. दुकानांतून त्याचे खेळ मागे सरकत होते आणि या नव्या खेळाला सुरुवातीला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १९९० मध्ये डॉसवर चालणारी प्रत निघाली, मग जपानी आणि युरोपीय यंत्रांवरच्या प्रती निघाल्या, १९९२ मध्ये मॅकिंटॉशची निघाली, आणि खेळ जगभर गेला. आपल्या वर्गांत पोहोचली ती डॉसची प्रत.

ती कशी पोहोचली, हे सांगायला संकोच वाटू नये. बहुतेक ठिकाणी ती विकत आली नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आली. खेळाच्या कर्त्यांनी याचा बंदोबस्त केला होता. डॉसच्या प्रतीत पहिला मजला ओलांडला की अक्षरांच्या सुरया मांडलेली एक खोली येई. सोबतच्या छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, ते पाहून त्या अक्षराची सुरई प्यायची. पुस्तिका नसलेल्याने चुकीची सुरई प्यायली की खेळ आटोपला. फ्लॉपीबरोबर पुस्तिका येत नसे. पण पुस्तिकेऐवजी दुसरेच काही येई. खेळ सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ असा शब्द टंकला, की ठरावीक कळांनी मजला ओलांडता येतो, आयुष्य वाढवता येते, हे गुपित कानोकानी पसरले होते. ते कोणी कुठे वाचले, हे कोणालाच सांगता येत नसे. अमक्याच्या मावसभावाने सांगितले, एवढाच त्याचा पुरावा. छापील पुस्तिका गळून पडली आणि तिची जागा मौखिक परंपरेने घेतली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

आता आजच्या वाचकाकडे येऊ. हा खेळ आज पुन्हा उघडायचा, तर कोणता उघडायचा? इथे साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असा पाठभेदांचा प्रश्न उभा राहतो. आपण पाहिलेला राजपुत्र बोडका आणि सैल पांढऱ्या कपड्यांतला होता. जपानमधल्या संगणकांसाठी निघालेल्या प्रतीत त्याच्या डोक्यावर पगडी आली आणि अंगावर बंडी चढली. मॅकिंटॉशच्या प्रतीनेही तोच वेश घेतला. सुपर निन्टेंडो या यंत्रासाठी १९९२ मध्ये निघालेल्या प्रतीत बाराऐवजी वीस मजले आहेत आणि साठऐवजी एकशे वीस मिनिटे. दोन माणसे एकाच खेळाच्या आठवणी काढत बसली आणि त्यांचे पटेना, तर दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे. त्यांनी वेगवेगळ्या प्रती वाचलेल्या आहेत.

अशा वेळी काय करायचे, याची शिस्त आपल्याकडे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. आमच्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या गोळा करायच्या, ओळीला ओळ लावून पाहायची, मूळ कोणते आणि भर कोणती ते ठरवायचे आणि टाकलेले पाठही तळटिपांत जपायचे, ही ती शिस्त. खेळांच्या जगात तिचा उदय अलीकडचा आहे. मेकनरच्याच ‘कराटेका’ची २०२३ मध्ये ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ या नावाने जी आवृत्ती निघाली, तिच्यात अंतिम खेळाबरोबर त्याचे कच्चे मसुदे, भाऊबंदांच्या चित्रफिती, पत्रव्यवहार आणि वेगवेगळ्या यंत्रांवरच्या प्रती एकत्र आहेत, आणि मसुदेसुद्धा खेळून पाहता येतात. हा खेळाचा नुसता पुनर्मुद्रित अवतार नव्हे. ही त्याची चिकित्सक आवृत्ती आहे.

परंतु चिकित्सक आवृत्तीला मूळ हस्तलिखित मिळाले तर सोन्याहून पिवळे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे हस्तलिखित, म्हणजे मेकनरने स्वतःच्या हाताने लिहिलेला मूळ प्रोग्राम, हरवले होते. खेळाच्या प्रती जगभर होत्या, पण त्या यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत. माणसाला वाचता येईल असा, कर्त्याच्या टिपणांसह असलेला मजकूर कुठेच नव्हता. मेकनरने तो बरीच वर्षे शोधला आणि आशा सोडून दिली. मग २०१२ च्या वसंतात त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्कच्या घरात आवराआवर केली, कपाटात मागे पडलेले एक खोके त्यांना सापडले आणि ते त्यांनी मुलाकडे पाठवून दिले. त्यात जुन्या फ्लॉप्या होत्या आणि त्यांवर तो प्रोग्राम होता.

हाती आले म्हणजे वाचता आले असे नाही. त्या फ्लॉप्या आजच्या कोणत्याही संगणकात चालणाऱ्या नव्हत्या. इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि ॲपल टूचे जाणकार टोनी डायझ असे दोघे जुनी यंत्रे घेऊन आले आणि एका बैठकीत त्यांनी तो मजकूर उतरवून घेतला. वीस वर्षांहून अधिक काळ लोटलेली चुंबकीय तबकडी वाचली गेली, हे दैव होते. आणखी काही वर्षे गेली असती तर त्या दैवाचा भरवसा नव्हता. मेकनरने तो सारा प्रोग्राम एप्रिल २०१२ मध्ये जगाला मोफत खुला केला. पुढे काही हौशी लोकांनी त्याच्या आधारे १९८० च्या दशकातल्या बीबीसी मास्टर या ब्रिटिश संगणकावर हा खेळ आणला. त्या यंत्राला तो त्याच्या काळात कधीच मिळाला नव्हता.

हस्तलिखित हाती आल्यावर खेळ वेगळा दिसू लागतो. एक उदाहरण देतो. चौथ्या मजल्यावर एक आरसा लागतो. राजपुत्र धावत जाऊन त्यातून उडी मारतो आणि पलीकडे त्याची छाया वेगळी होऊन पळून जाते. पुढे ती त्याची सुरई पिऊन टाकते, त्याच्या वाटेतले दार बंद करते आणि बाराव्या मजल्यावर तलवार उपसून समोर उभी राहते. लहानपणी आपण तिच्यावर वार करत होतो आणि प्रत्येक वाराबरोबर आपलेच आयुष्य कमी होत होते. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात शिरायचे. दोघे एक होतात आणि वाट मोकळी होते.

कोणालाही वाटेल की कर्त्याने हे रूपक आधी योजले असावे. प्रत्यक्षात त्याला शत्रू हवा होता आणि शत्रूचे चित्र ठेवायला यंत्रात जागाच नव्हती. राजपुत्राच्या हालचालींनी सारी स्मृती खाऊन टाकली होती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून मूळ चित्रावर अशी बसवली की दोन्हींत जुळणारे ठिपके पुसले जातील आणि वेगळे तेवढे उरतील. त्यातून एक झगमगती, पोकळ आकृती तयार झाली. तीच छाया. पहारेकरी नंतर आले, अन्यत्र काटकसर करून जागा निघाल्यावर. जागेच्या टंचाईतून या खेळातली सर्वांत अर्थपूर्ण व्यक्तिरेखा जन्मली. वृत्ताच्या अडचणीतून कवीला एखादा अनपेक्षित शब्द सापडावा, तसे हे झाले. जुन्या खेळाकडे परतण्याचा हा पहिला लाभ: ज्याला आपण जादू समजत होतो, त्यामागचे कष्ट आणि अडचणी दिसू लागतात.

दुसरा लाभ थोडा कडू आहे. लहानपणी न दिसलेल्या गोष्टीही दिसतात. हा इराण कोणता? इतिहासातला नव्हे. मेकनरपुढे १९४० चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा चित्रपट होता. त्यातल्या खलनायकाचे नावही जाफरच. त्याच चित्रपटात म्हैसूरकडचा साबू हा आपला मुलगा चोराच्या भूमिकेत होता, ही गोष्ट वेगळी. पाश्चात्त्य चित्रपटांनी अरबी कथांवरून रचलेला तो पूर्व-देश आम्ही पूर्वेकडच्याच मुलांनी संगणकावर पाहिला आणि बिनतक्रार मान्य केला. राजकन्येचेही तसेच. साठ मिनिटांत तिला करण्यासारखे एकच काम दिले आहे: आठव्या मजल्यावर दार अडते, तेव्हा ती एक उंदीर पाठवते आणि तो कळ दाबून दार उघडतो. एरवी ती वाळूच्या घड्याळाशेजारी वाट पाहत उभी. आज हा खेळ नातीला दाखवताना ती विचारणारच की राजकन्या स्वतः का पळत नाही. या प्रश्नाने खेळाचे मोल कमी होत नाही. जुने वाङ्मय वाचताना आपण त्याचा काळ सोबत घेऊन वाचतो. खेळही तसाच खेळावा लागतो.

आता यंत्राची बाजू. संहिता मिळाली, पण यंत्र बदलले तर काय होते? १९७८ च्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे उदाहरण प्रसिद्ध आहे. वरून शत्रूंच्या रांगा डुलत डुलत खाली येतात आणि आपण एकेक टिपत जातो तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो. छातीची धडधड वाढवणारा हा परिणाम टोमोहिरो निशिकाडो या कर्त्याच्या यंत्राने दिला होता. यंत्र मंद होते. शत्रू कमी झाले की त्याचे काम कमी होई आणि उरलेले आपोआप पळू लागत. निशिकाडोंनी तो दोष गुण म्हणून ठेवून घेतला. वेगवान यंत्रावर हाच खेळ जसाच्या तसा चालवून भागत नाही. त्या मंदपणाचीही नक्कल करावी लागते.

पडद्याचेही तेच. जुन्या काचेच्या नळीच्या टेलिव्हिजनवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळत आणि चित्र मऊ दिसे. चित्रकारांनी ते गृहीत धरूनच रंग भरले होते. आजच्या सपाट पडद्यावर तेच ठिपके चौकोनी खड्यांसारखे टोचतात आणि मुले म्हणतात, तुमच्या काळची चित्रे किती ओबडधोबड! आपल्याकडे टेलिव्हिजनला जोडून, बंदुकीने बदके मारण्याचा ‘डक हंट’ हा खेळ बऱ्याच घरांत होता. त्याची बंदूक आज सपाट टेलिव्हिजनपुढे धरली तर एकही बदक पडणार नाही. बंदुकीतून काही सुटत नसे; घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपे. नळीचा पडदा तो उजेड ज्या क्षणी आणि ज्या रीतीने देई, तसा नवा पडदा देत नाही. खेळ शाबूत, बंदूक शाबूत, आणि नेम मात्र कायमचा चुकलेला.

यावर लोकांनी जो तोडगा काढला, त्याला एम्युलेटर म्हणतात. जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणारा हा प्रोग्राम असतो. आतल्या खेळाला वाटते की आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. दुकानांतल्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी ‘मेम’ नावाचा असा प्रोग्राम इटलीच्या निकोला साल्मोरिया याने १९९७ मध्ये सुरू केला. यंत्रांची नोंद जपणे हा आपला उद्देश आहे आणि खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक लाभ, अशी त्याच्या कर्त्यांची भूमिका आहे. अशाच सोंगांच्या बळावर इंटरनेट अर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ घरबसल्या उघडता येतील असे केले.

राहिला हात. इथली एक हकीकत मला सर्वांत आशादायक वाटते. ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे तुकडे रचण्याचा खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात मॉस्कोत लिहिला. ज्या यंत्रावर लिहिला त्यावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. तुकडे कंसांच्या खुणांनी दाखवले होते. या खेळाची निन्टेंडो प्रत १९८९ मध्ये निघाली. तिच्या एकोणतिसाव्या पायरीला तुकडे इतक्या वेगाने पडतात की कळ दाबून धरून ते कडेपर्यंत नेता येत नाहीत. म्हणून तो खेळाचा शेवट, असे वर्षानुवर्षे मानले गेले. पण खेळणारे थांबले नाहीत. आधी कोणी बोट थरथरवून कळ दाबण्याची रीत बसवली. मग कोणी कळीवर एक बोट स्थिर ठेवून यंत्राच्या पाठीवर बाकीच्या बोटांनी तबल्यासारखा ठेका धरला आणि वेग आणखी वाढला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७ वी पायरी गाठली आणि खेळाचा प्रोग्रामच गोठला. चौतीस वर्षे जुन्या संहितेचा खरा शेवट, ती निघाली तेव्हा जन्मही न झालेल्या वाचकाने शोधून काढला. संहितेत एक अक्षर बदलले नव्हते. बदलला होता तो हात, आणि तो एकट्याचा नव्हता. एकमेकांचे पाहून शिकलेल्या पिढीचा होता. बंदिश तीच, पण घराण्याने ती वाढवली, असे आपण गाण्याबाबत म्हणतो ते इथेही म्हणता येईल.

इतके सारे वाचल्यावर वाटेल की सर्व ठीक चालले आहे. तसे नाही. अटारी या कंपनीने १९८३ मध्ये न विकलेल्या खेळांचे ढीग अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरून टाकले. एप्रिल २०१४ मध्ये ते उकरले गेले आणि सुमारे तेराशे नग बाहेर निघाले. त्यांतला एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कचरा संग्रहालयात पोहोचायला तीस वर्षे लागली. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रीतसर मार्गाने मिळत नाहीत. ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातले असे खेळ दूरच्या अभ्यासकांना संगणकावरून पाहू द्यावेत, ही सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

इथे पुन्हा कायद्याच्या त्या पंगतीकडे पाहावे लागते. आपल्याकडे साहित्यकृतीचे स्वामित्व लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकते. पुस्तकाला हे मानवते, कारण कागद तितका जगतो. फ्लॉपीचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे. नक्कल करण्याची मुभा मिळेल त्या दिवशी नक्कल करण्यासारखे काही उरलेलेच नसेल. कर्त्याला मोबदला मिळावा याबद्दल दुमत नाही. मेकनरने चार वर्षे घालवलेल्या खेळाच्या आमच्या वर्गातल्या नकलेतून त्याला एक पैसाही मिळाला नाही, हे खरेच आहे. पण दुकानात मिळत नसलेल्या खेळाची ग्रंथालयाने नक्कल ठेवण्यात कोणाचे नुकसान होते? आपल्या पोथ्या टिकल्या त्या ताडपत्राच्या गुणाने नव्हे. पोथी जीर्ण झाली की कोणीतरी दुसरी उतरवून घेत असे, म्हणून त्या टिकल्या. लिपिकाराच्या हातून चुका झाल्या, पाठभेद झाले, तरी ग्रंथ वाचला. खेळाच्या इतिहासानेही तेच दाखवले आहे: वस्तू जपून खेळ टिकत नाही, नकलेने आणि खेळणाऱ्याने टिकतो.

हे सारे परक्या मुलुखातल्या खेळांचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर वाचकहो, आपल्या घरातल्या खोक्यांकडे एकदा पाहावे. १९९० नंतरच्या दशकात आपल्या मंडळांच्या स्मरणिका, अहवाल, नाटकांच्या संहिता, वडीलधाऱ्यांच्या आठवणी संगणकावर टंकल्या गेल्या. त्या काळी युनिकोडचा प्रसार नव्हता. प्रत्येक मराठी प्रणालीचा फाँट निराळा आणि अक्षरामागची आकड्यांची मांडणीही निराळी. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे आजीच्या आठवणींच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उमटतो. मजकूर आहे, वाचणारे आहेत, मधले यंत्र गेले आहे. हीच त्या बदकांच्या बंदुकीची गोष्ट, फक्त इथे मराठी भाषा पणाला लागली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांचे असे कागद दुसरीकडे कुठे छापलेले असतीलच याची खात्री नसते. कित्येकदा ती एकच प्रत असते.

म्हणून या लेखाच्या शेवटी उपदेशापेक्षा कामाच्या दोन गोष्टी सांगतो. माळ्यावरच्या जुन्या फ्लॉप्या आणि सीड्या भंगारात घालण्यापूर्वी आपल्या साहित्य संस्थेकडे आणून दाखवाव्यात. जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो, तो जोडून देणारे हौशी तरुण प्रत्येक गावात असतात, आणि जुन्या फाँटमधला बराचसा मजकूर युनिकोडमध्ये उतरवता येतो. जे उतरेल त्याच्या दोन प्रती कराव्यात: एक आपल्या घरी आणि एक संस्थेच्या ग्रंथालयात, म्हणजे एका ठिकाणी वाळवी लागली तरी दुसरी राहील. आणि त्या खोक्यात ‘प्रिन्स’ लिहिलेली फ्लॉपी निघाली, तर तीही याच टेबलावर ठेवावी. तिच्यावर कोणाच्या अक्षरात, कोणत्या साली काय लिहिले आहे, ते टिपून घ्यावे. परदेशात एका घरात जन्मलेला तो खेळ कोणत्या हातांतून आपल्या गावापर्यंत आला, हे सांगणारा तो एकमेव कागद असू शकतो.